पाठीमागचं धुकं

गटचर्चा क्रमांक तीन. सावळज, बेदाण्याचं शेड.
दुपारी दोन, कारण दोनला मालक जेवायला जातो.
एसटीनं गेले असते तर दीड तास,
पण प्रकल्पाच्या कागदावर प्रवासापुढे शून्य आहे,
म्हणून मी मारुती चौकाजवळ, तळमजल्यावर,
कानात बोंडं घालून,
आणि त्या सहाजणी एका फोनमध्ये.

फोन नंदिनी झांबरेंचा, गावच्या आशाताई.
त्यांनी तो क्रेटला टेकवलाय.
चौकटीत मावतात चौघी,
पाचवीचं कोपर,
आणि सहावी म्हणजे नुसता खोकला
डावीकडून येणारा.

संमतीपत्र वाचून दाखवलं.
सहा ‘व्हय’ एकावर एक पडले,
मशीननं त्यांचा एकच केला.
पुन्हा एकेकीला विचारलं. राजाक्का? व्हय. मुमताज? व्हय की.
शेवंता ऐवळे? खोकला.
व्हय, असं लिहिलं.

प्रश्न चौथा: या कामाचा तुमच्या शरीरावर काय परिणाम होतो?

मार्गदर्शिकेत छापलंय: शांततेला घाबरू नये,
मनात दहा मोजावेत.
सातवर होते, तर राजाक्काचा हात
हिरव्या आणि पिवळ्या ढिगाच्या मधे
तसाच राहिला.
गप्प बसल्यात, की रेंज गेली,
कळेना.
मोजत राहिले. तेवीस.

मग हात हलला आणि राजाक्का म्हणाली,
‘ताई, एक इचारू का?
तुमच्या पाठीमागं धुकं कशाचं हाय?
ह्या चैताच्या उन्हात?’

‘धुकं पडलं की डावण्या येतोय बया,’ मुमताज म्हणाली,
‘औषध मारून घ्या!’
पाचही हसल्या. मीही हसले,
कागदावर लिहिलं: वातावरण मोकळं.

आणि डावीकडून, खोकल्याच्या जागेवरून:
‘धुकं न्हाई ते. घर झाकलंय तिनं.
आपला पत्रा दिसतोय, पोती दिसत्यात,
माझी फाटकी चोळी दिसती.
तिचं तेवढं न्हाई.’

(तिची चोळी मला दिसत नव्हती.
हे तिला कुणी सांगावं?)

बटण सापडायला वेळ लागला.
धुकं गेलं. मागे माझी भिंत:
खिळ्याला रेशनची पिशवी, दोरीवर परकर,
आणि पुराची रेघ,
दोनदा रंग देऊनही वर येणारी.

‘कुठवर आलतं पाणी?’
उठून उभी राहिले, रेघेला पाठ लावली.
छातीपर्यंत.
‘आगं आई गं. फ्रिज?’
गेला.
‘गाद्या? कागदं? कुठं ऱ्हायलासा मग?’
शाळेत. अकरा दिवस.
‘आनि शाळेत संडासचं कसं करत होता?’
हा प्रश्न
माझ्या एकाही प्रश्नावलीत नाही.
मी सांगितलं. सगळं सांगितलं.

तेव्हा डावीकडून ती सरकत आली,
चौकट अर्धी भरून,
मी समजत होते त्याहून पुष्कळ तरुण.
‘गंधकाची खोली सकाळी मी उघडते.
पदर वला करून तोंडाला. बाकीच्या उभ्या ऱ्हात्यात लांब.
त्याचं तीस रुपयं जास्त.
डाक्टर म्हणला बिडी सोड.
मी कवा वडली बिडी?’

बाहेर बुलेट वाजली.
पडदा काळा झाला.
रेंज नव्हे: कुणीतरी फोन पालथा घातला बेदाण्यावर.
एकेचाळीस सेकंद
फक्त दाणे पडतायत, ताटात, पाटीत,
आणि एक पुरुष काहीतरी विचारतोय,
आणि कुणी बोलत नाहीये.

सरांनी शेरा मारलाय: चोवीस ते चौतीस मिनिटं अप्रस्तुत,
मुलाखतकार स्वतःबद्दल बोलते, वगळावे.
अजून वगळलेलं नाही.
चौतीसनंतरचं
त्या दहांशिवाय
कुठून आलं म्हणून सांगू?

आणि त्या एकेचाळीस सेकंदांना
कोड कोणता द्यायचा, तेही ठरत नाही.
रात्री आवाज वाढवून पुन्हा ऐकते.
दाणे पडतायत.
हिरवा कुठला, पिवळा कुठला,
ऐकून समजत नाही.